आडू-आलुबुखाऱ्याच्या पानांवर पिवळ्या रेघा : विषाणू आहे का, असेल तर कोणता?

मानपूरचा_मळेकरी
रामराम मंडळी. महूच्या पुढे, मानपूरजवळ आमची थोडी जमीन आहे. वडील सोयाबीन-गव्हाच्या पलीकडे कधी गेले नाहीत, मला फळझाडांची हौस. कमी थंडीत फळणारी आडूची (पीचची) कलमं लावली आहेत, शान-ए-पंजाब आणि फ्लोरिडा प्रिन्स. त्यांच्याच ओळीत आलुबुखारा (प्लम) आहे, सतलज पर्पल, आणि त्याला परागासाठी काला अमृतसरी. यंदाची पालवी अशी आली :

फोटो १ : एका आडूचे शेंडे मुरडलेले, पानं गुंडाळून घट्ट झालेली.
फोटो २ : दुसऱ्या आडूची कोवळी पानं पिवळीधमक, शिरा मात्र हिरव्या.
फोटो ३ : सतलज पर्पलची एकच फांदी. पानांवर पिवळी वर्तुळं आणि नागमोडी रेघा. बाकी झाड छान.

कृषी दुकानात तिन्ही फोटो दाखवले. दुकानदार म्हणाला, "वायरस है भैया," आणि एक बाटली पुढे केली. घेतली नाही, आधी इथे विचारतो. तिन्ही झाडांना एकच विषाणू असू शकतो का? आणि नेमका कोणता हे ठरवतात तरी कसं? शेजारचे एक गृहस्थ कलमं भरायला याच सतलजचे डोळे, म्हणजे फांदीवरच्या कळ्या, मागताहेत, त्यांनाही उत्तर द्यायचं आहे.

भिया_इंदौरी
इंदुरात आडू? आपल्याकडे लोक मोसंबी लावायलासुद्धा दहादा विचार करतात भिया. फळ आलं की कळव. तोवर जाणकारांनी बोलावं, मी पोह्यांची बशी घेऊन बसलोय.

सोयाबीनवाला_देवास
पिवळं दिसलं की विषाणू, हे आपल्या माळव्यातलं सोयाबीनचं गणित आहे. तिथे ते बरेचदा बरोबरही येतं. पिवळा मोझॅक पांढरी माशी आणते, माशी आटोक्यात ठेवली तर रोग आटोक्यात राहतो. आडूलाही तसंच असणार. माशीचं औषध मारा.

विषाणुवेडी
दादा, थांबा. औषध मारण्याआधी तिन्ही फोटो वेगवेगळे करू. मी मूळची इंदूरची, काही वर्षं हिमाचलात फळझाडांच्या विषाणूंवर काम केलं, म्हणून जरा लांब लिहिते.

फोटो १ मध्ये विषाणू नाही असं मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. गुंडाळलेलं पान उलगडून पाहा, आत मावा असणार. आडूवर पालवी फुटतानाच येणारा हा मावा पानं अशीच मुरडतो. थंड आणि ओल्या प्रदेशात एक बुरशीही पानं मुरडते, पण ती पानं जाड, फोड आल्यासारखी आणि लालसर होतात. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत माळव्यात तिला वाव कमी.

फोटो २ लोहाचा आहे. काळी माती, त्यात चुना, आणि खुंट (ज्याच्या मुळांवर कलम उभं आहे तो) आडूचाच. अशा जमिनीत लोह असतं पण मुळांना ते उचलता येत नाही. ओळखायची खूण म्हणजे सगळ्यात कोवळी पानं आधी पिवळी पडतात आणि शिरांचं जाळं हिरवं राहतं. एका फांदीवर हिराकशीचं (फेरस सल्फेटचं) अर्ध्या टक्क्याचं पाणी फवारा, त्यात चिमूटभर लिंबूसत्व घाला. तेवढीच फांदी हिरवी झाली तर प्रश्न मिटला. आणि त्या झाडाला पाणी जास्त होतंय का तेही बघा.

फोटो ३ मात्र मला आवडला नाही. वर्तुळं, नागमोडी रेघा, त्याही एकाच फांदीवर. अन्नद्रव्य कमी पडलं तर ते शिरांची शिस्त पाळतं, डाव्या-उजव्या बाजूला सारखं दिसतं. विषाणू ती शिस्त पाळत नाही. ही फांदी संशयित.

शेजाऱ्यांना डोळे देऊ नका. बाकीचं नंतर ठरवता येईल, हे आज ठरवा.

मानपूरचा_मळेकरी
ताई, पान उलगडलं. मावाच मावा! आता तिसऱ्याचं नाव सांगा.

विषाणुवेडी
नाव फोटोवरून सांगता येत नाही, आणि मी टाळाटाळ करत नाहीये. आलुबुखाऱ्याच्या पानावर नेमका हाच नक्षीदार पट्टा किमान तीन वेगळे विषाणू काढतात : प्रुनस नेक्रॉटिक रिंगस्पॉट, अ‍ॅपल मोझॅक आणि अमेरिकन प्लम लाइन पॅटर्न. तिघेही एकाच गोत्राचे, इलारव्हायरस. त्यात सफरचंदाच्या नावाचा आणखी एक, अ‍ॅपल क्लोरोटिक लीफ स्पॉट, आलुबुखाऱ्यावर असं काही करतो की भलेभले त्याला प्लम पॉक्स समजतात. आणि प्लम पॉक्स, या झाडांचा सगळ्यात घातक विषाणू, स्वतः तर आहेच.

उलटही होतं. एकच विषाणू आडूवर एक दिसतो, चेरीवर दुसरा. प्रून ड्वार्फ नावाचा विषाणू आंबट चेरीची पानं पिवळी करून गाळतो, प्रूनचं झाड बुटकं ठेवतो, आणि कित्येक झाडांत काहीही दाखवत नाही. तोच नेक्रॉटिक रिंगस्पॉटच्या जोडीने आडूत शिरला की झाड खुंटतं.

कुतूहल_काका
बँकेतून निवृत्त झालो, वनस्पतिशास्त्र अकरावीत सुटलं. तरी विचारतो. नावात सफरचंद आणि राहायला आलुबुखाऱ्यात, ही काय भानगड? वर्गीकरण करणारी मंडळी नावं बदलत का नाहीत?

विषाणुवेडी
काका, कारण बहुतेक नावं वर्गीकरणाच्या आधीची आहेत. पूर्वी ज्या झाडावर पहिल्यांदा दिसला ते झाड आणि जे दिसलं ते लक्षण, अशी जोडी लावून नाव ठेवत. प्लम पॉक्सचा रोग बल्गेरियात पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शेतकऱ्यांच्या डोळ्यांत भरला, आणि तो विषाणूमुळे होतो हे दिमितार अतानासोव्ह यांनी १९३२ मध्ये मांडलं. तेव्हा विषाणूचा कण कुणी पाहिलेलाच नव्हता. रोगट डोळा भरला की रोग निरोगी झाडात जातो, गाळलेल्या रसातूनही जातो, एवढ्यावरच काम चालायचं.

पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि आकार दिसले. प्लम पॉक्सचा कण लांब आणि लवचीक, धाग्यासारखा. नेक्रॉटिक रिंगस्पॉटचा गोलसर, आणि इतका नाजूक की रस काढता काढता विस्कटतो. मग वाहक कोण हे कळत गेलं. मग प्रतिपिंडं आली, शेवटी जनुकीय क्रम. प्रत्येक टप्प्यावर आधीची नाती थोडी मोडली, थोडी टिकली.

आता वर्गीकरणाचा कारभार आयसीटीव्ही ही आंतरराष्ट्रीय समिती बघते. तिची सुरुवात १९६६ मध्ये मॉस्कोच्या सूक्ष्मजीवशास्त्र काँग्रेसमध्ये झाली. हल्ली प्रजातींना दोन शब्दांची नावं देतात, झाडाप्राण्यांना देतात तशी. प्लम पॉक्सची प्रजाती पॉटीव्हायरस प्लमपॉक्सी. पण विषाणूचं रोजच्या वापरातलं नाव तेच राहतं, म्हणून सफरचंद आलुबुखाऱ्यातून हलत नाही.

कुतूहल_काका
आणि वेगळी प्रजाती म्हणायची कधी? रेघ कुठे ओढतात?

विषाणुवेडी
रेघ प्रत्येक कुळात वेगळी. पॉटीव्हायरसच्या कुळात साधारण असं धरतात की प्रथिनं लिहिणाऱ्या संपूर्ण भागाचा क्रम ७६ टक्क्यांहून कमी जुळला तर प्रजाती वेगळी. प्लम पॉक्सचा जीनोम सुमारे ९,८०० अक्षरांचा, एकाच लांब आरएनएवर. त्यातून एक मोठं प्रथिन बनतं आणि ते कापून कामाचे तुकडे होतात. इलारव्हायरसमध्ये हाच संसार तीन आरएनएंत विभागलेला असतो, तिन्ही एकाच पेशीत पोचले तरच गाडी चालते.

प्रजातीच्या आतही भेद आहेत आणि बागायतदाराला तेच जास्त छळतात. प्लम पॉक्सचे डी आणि एम हे दोन जुने प्रकार. एम आडूत झपाट्याने पसरतो, डी मुख्यतः आलुबुखारा आणि जर्दाळूवर. दोघांच्या संकरातून झालेला तिसरा आहे, चेरीवर जगणारे आणखी वेगळे, इजिप्तमध्ये सापडलेला एल आमार आहे. जर्दाळूची आठळी फोडण्याआधी नीट बघा असं आम्हाला शिकवलं होतं. रोगट झाडाच्या आठळीवर फिकट वर्तुळं उमटतात. इतकं स्पष्ट लक्षण फार थोडे विषाणू देतात.

सोयाबीनवाला_देवास
माझ्या माशीचं काय झालं?

विषाणुवेडी
तुमच्या माशीचा विषाणू डीएनएवाला, बेगोमोव्हायरस, त्याचे कण जुळ्यासारखे जोडून असतात. आठळीच्या फळझाडांवरची मंडळी बहुतेक सगळी आरएनएवाली. नातं दूरचंही नाही.

पण तुम्हाला जवळचं नातं देते. निमाडात पपईवर जो रिंगस्पॉट येतो, खरगोन-बडवानीकडच्या बागा ज्याने पिवळ्या केल्या, तो पॉटीव्हायरसच, म्हणजे प्लम पॉक्सचा सख्खा चुलतभाऊ. दोघांनाही मावा नेतो, आणि नेण्याची तऱ्हा सोयाबीनच्या माशीहून अगदी वेगळी. माशी विषाणू पोटात घेऊन दिवसेंदिवस हिंडते. मावा रोगट पानात क्षणभर सोंड खुपसतो, विषाणू सोंडेच्या टोकाला चिकटतो, पुढच्या पानात सोंड खुपसली की उतरतो. सगळं काही सेकंदांत, मिनिटांत. कीटकनाशकाने मावा मरतो, पण मरण्याआधी त्याचं काम झालेलं असतं. पपईवाल्यांना याचा अनुभव आहे, त्यांना विचारा.

आणि आपल्या इलारव्हायरसला मावा लागतच नाही. तो परागातून आणि बियांतून जातो, फुलकिडे पराग इकडून तिकडे करतात तेव्हा त्यांचीही मदत होते. मळेकरीदादा, तुमच्याकडे काला अमृतसरी परागासाठीच लावलाय ना? त्याचीही पानं तपासायला द्या, ती कितीही हिरवीगार दिसोत.

रामबागचे_आजोबा
मंडळी, ऐंशी ओलांडली आहे, तेव्हा थोडं मोकळं बोलू द्या. या इंदुरात १९२४ साली अल्बर्ट हॉवर्डसाहेबांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू केली. त्यांची खताची इंदूर पद्धत जगभर गेली. ते आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल, दोघांनी आधी क्वेट्ट्याला फळझाडांवर वर्षानुवर्षं काम केलं होतं, म्हणजे आडू-जर्दाळू त्यांना नवे नव्हते. साहेबांचं म्हणणं असं की रोग हा जमीन बिघडल्याचा निरोप असतो. माती जिवंत असेल तर झाडाला रोग धरत नाही. तुम्ही सगळे आरएनए मोजताय, मातीकडे कुणी बघितलं का? पाचट, शेण, गोमूत्र, राख आणि ओल. ढीग करा, वेळेवर उलथा, खत घाला. फांदी पुढच्या वर्षी स्वच्छ येईल.

भिया_इंदौरी
आजोबांना माझा पूर्ण पाठिंबा. इंदुरात कचऱ्याचं सोनं करण्याची परंपरा स्वच्छता सर्वेक्षणाच्या कितीतरी आधीची आहे हे दिल्लीवाल्यांना सांगा कुणीतरी.

विषाणुवेडी
आजोबा, नमस्कार. माझे बाबा कृषी महाविद्यालयात शिकले, हॉवर्डसाहेबांच्या गोष्टी ऐकतच मोठी झाले. फोटो २ च्या झाडाला तुमचं खत अक्षरशः औषध आहे, ते मी आधीच सांगायला हवं होतं. काळ्या मातीत सेंद्रिय भाग वाढला, निचरा सुधारला, की मुळांना लोह मिळतं.

फोटो ३ बद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार, आणि आडूचाच दाखला देणार. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पीच यलोज नावाचा रोग बागाच्या बागा संपवत होता. तेव्हाही मोठमोठे लोक म्हणत की जमीन दमली, पोटॅश कमी पडला. १८८० च्या दशकात एर्विन स्मिथ यांनी खतं घालून पाहिली, काही झालं नाही. मग रोगट झाडाचा डोळा निरोगी रोपावर भरला आणि त्या रोपाला रोग आला. माती तीच, खत तेच. रोग डोळ्यातून आला.

या गोष्टीची पुढची शेपूट मला फार आवडते. पुढे कितीतरी वर्षं सगळे पीच यलोजला विषाणू समजत होते. कुंकेल यांनी १९३३ मध्ये तो तुडतुड्याने पसरतो हे दाखवलं, तरी विषाणूच समजत. मग १९६७ मध्ये जपानमध्ये दोई आणि सहकाऱ्यांनी तुतीच्या खुजेपणाच्या रोगात सूक्ष्मदर्शकाखाली भिंत नसलेले जिवाणू पाहिले, आणि "यलोज" म्हणून ओळखले जाणारे कितीतरी रोग विषाणूंच्या यादीतून उठून तिकडे गेले. त्यांना आता फायटोप्लाझ्मा म्हणतात. म्हणजे ओळख पटवणं हे फक्त नाव ठेवणं नाही. फायटोप्लाझ्मा टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने दबतो, विषाणूला त्याने काहीही होत नाही.

रामबागचे_आजोबा
बरं. डोळ्यातून आला हे मान्य. पण जोमदार झाड तो सोसतं आणि अशक्त झाड कोलमडतं, हे तरी मान्य करा.

विषाणुवेडी
मान्य, आणि आनंदाने. त्यातच मेख आहे. नेक्रॉटिक रिंगस्पॉट पहिल्या वर्षी धक्का देतो, पानांवर वर्तुळं, मधला भाग वाळून भोकं. पुढच्या वर्षी तेच झाड बरं दिसतं. मालकाला वाटतं खत लागू पडलं. विषाणू आतच असतो, परागातून जात असतो, आणि त्या "बऱ्या झालेल्या" झाडाचे डोळे रोपवाटिकेत जातात. सोसणारं झाड हेच सगळ्यात कार्यक्षम वाहक.

गच्चीवरची_बाग
मध्येच विचारते, राग मानू नका. अशा झाडाची फळं मुलांना दिली तर चालतात ना? सुदामा नगरच्या आमच्या गल्लीत "व्हायरस" म्हटलं की अजूनही लोक मास्क शोधतात.

विषाणुवेडी
चालतात ताई. झाडांचे हे विषाणू माणसाच्या पेशीत वाढत नाहीत. मिरचीचा एक विषाणू तर आपल्या पोटातून इतका सहीसलामत बाहेर पडतो की सांडपाण्याची तपासणी करताना खूण म्हणून तोच शोधतात. आपण रोज भाजीबरोबर झाडांचे विषाणू खातोच.

मानपूरचा_मळेकरी
मग तपासणी कशी होते ते सांगा. इथल्या कृषी महाविद्यालयात ओळख आहे. गरज पडली तर ग्वाल्हेरला विद्यापीठातही जाऊन येईन.

विषाणुवेडी
आधी वेळेचं. मार्च संपत आलाय. आठवड्या-दोन आठवड्यांत पारा चाळीसकडे जाईल आणि इलारव्हायरसचं पानातलं प्रमाण इतकं घसरेल की चाचणी "नाही" म्हणेल. तो नकार खोटा असेल. कोवळी पानं आत्ता काढा, नाहीतर पुढच्या जानेवारीत कळ्या आणि फुलं द्या. पाकळ्यांत विषाणू भरपूर असतो आणि चाचणीत खोडा घालणारे पदार्थ पानापेक्षा कमी. एकाच फांदीची पानं नकोत, चारी बाजूंची घ्या. लाकडी झाडात विषाणू सगळीकडे सारखा पसरलेला नसतो.

चाचण्यांत सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे दुसऱ्या रोपाला बोलतं करणं. संशयित डोळा शिरोफुगेन नावाच्या जपानी फुलचेरीवर भरतात. इलारव्हायरस असेल तर डोळ्याभोवतीची साल मरते आणि डिंक येतो. आडूसाठी जीएफ-३०५ नावाची रोपं वापरतात. वेळ लागतो, जागा लागते. पण फायदा असा की विषाणूचं नाव माहीत नसतानाही उत्तर मिळतं.

त्याहून घरगुती म्हणजे काकडी. पाकळ्या किंवा कोवळी पानं बफरमध्ये वाटून, बारीक कार्बोरंडम (पान किंचित खरवडणारी पूड) भुरभुरून, तो रस काकडीच्या रोपाच्या पहिल्या दोन दलांवर हलक्या हाताने चोळायचा. नेक्रॉटिक रिंगस्पॉट असेल तर फिकट ठिपके येतात आणि शेंडा मरतो. महाविद्यालयाच्या जाळीघरात हे सहज होईल.

एलायझा, म्हणजे प्रतिपिंडांनी विषाणूचं प्रथिन पकडणारी चाचणी, तुम्हाला नावाने माहीत असेल, माणसांच्या रक्ततपासणीतली. झाडांच्या विषाणूंसाठी ही पद्धत १९७६-७७ मध्ये बसवली गेली तेव्हा ज्या विषाणूंवर ती घासूनपुसून तयार केली त्यांत प्लम पॉक्स होता. आजही बागेत शेकडो नमुने पाहायचे तर एलायझाच स्वस्त. विषाणूचा आरएनए शोधणारी आरटी-पीसीआर त्याहून संवेदनशील, पण आडूच्या पानातली टॅनिनं आणि चिकट शर्करा आरएनए काढतानाच त्रास देतात.

कुतूहल_काका
आता तर सगळा जीनोम वाचतात म्हणे. मग या काकड्या-बिकड्या कशाला?

विषाणुवेडी
वाचतात, आणि त्याने नवी डोकेदुखी झाली आहे. नमुन्यातला सगळा आरएनए वाचला की असे विषाणू सापडतात ज्यांचं नाव काल नव्हतं. आडू आणि नेक्टरीनमध्ये गेल्या दहा-बारा वर्षांत ल्युटिओव्हायरसच्या गोत्रातले असे पाहुणे सापडले. क्रम मिळाला, वर्गात जागा मिळाली, पण झाडाला त्यांच्यामुळे काही होतं का हे सिद्ध व्हायला पुन्हा डोळा भरून, निरोगी रोपाशी तुलना करून, वर्षं घालवावी लागतात. वर्गीकरण संगणकावर होतं. दोष ठरवायचा तर मातीत रोप लावावंच लागतं.

आणि जे विषाणूही नाहीत त्यांचं काय? आडूत पीच लेटंट मोझॅक व्हायरॉइड असतो. नुसता आरएनएचा गोल कडा, ३३७ अक्षरांच्या आसपास, अंगावर प्रथिनाचं कवचसुद्धा नाही. व्हायरॉइड हा प्रकारच १९७१ मध्ये थिओडोर डायनर यांनी बटाट्यात दाखवून दिला. आडूतला बहुतेक वेळा गप्प असतो. पण या व्हायरॉइडच्या काही वाणांत डझनभर अक्षरांचा एक तुकडा जादा असतो, आणि तेवढ्याने पानं पांढरी पडतात, कारण तो तुकडा झाडाच्याच हरितलवकातल्या एका प्रथिनाचा आवाज बंद करतो. प्रतिपिंडाची चाचणी इथे निरुपयोगी, पकडायला प्रथिनच नाही. छाटणीच्या कात्रीवरून जातो, म्हणून कात्री झाडागणिक ब्लीचच्या पाण्यात बुडवा.

सूत्रकृमी नेतात ते नेपोव्हायरस, चेरी लहान ठेवणारे क्लोस्टेरोच्या कुळातले, हे मुद्दाम सोडून देतेय. मानपुरात त्यांची चिंता नको.

सोयाबीनवाला_देवास
ताई, एक शंका. ऐकलंय की झाड गरम ठेवून विषाणू काढतात. आपल्याकडे मे महिन्यात बेचाळीस असतं. मग फुकटात काम होत नाही का?

विषाणुवेडी
छान प्रश्न! उष्णोपचारात रोप बंद खोलीत ३७-३८ अंशांवर काही आठवडे ठेवतात. त्यात विषाणूचं वाढणं मागे पडतं आणि शेंडा पुढे निघतो. मग तेवढाच इवलासा शेंडा कापून काचेत वाढवतात किंवा स्वच्छ रोपावर बसवतात, आणि पुन्हा तपासतात. झाड बरं होत नाही, झाडातला एक स्वच्छ तुकडा पळवून आणतात. शेतात रात्री हवा उतरते, खोडात आणि मुळांत विषाणू सावलीत बसून राहतो. उन्हाने तो मरत नाही, फक्त चाचणीला दिसेनासा होतो. म्हणजे आपला मे महिना विषाणूच्याच बाजूचा.

स्वच्छ रोपांसाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये क्लीन प्लांट प्रोग्राम मंजूर केला, १,७६५.६७ कोटींचा, देशभरात नऊ केंद्रं. थंड हवेच्या फळांसाठी श्रीनगर आणि मुक्तेश्वर. हे नीट झालं तर तुमच्यासारख्यांचे अर्धे धागे बंद होतील.

मानपूरचा_मळेकरी
मंडळी, खबर आहे. हिराकशीची फांदी हिरवी झाली, बाकीचं झाड अजून पिवळं. आणि आलुबुखाऱ्याची कोवळी पानं महाविद्यालयातल्या ओळखीच्या सरांनी पुढे तपासणीला पाठवली होती. एलायझा : नेक्रॉटिक रिंगस्पॉट, सतलज पर्पल होकारार्थी. काला अमृतसरीही होकारार्थी, आणि त्याच्यावर एक डागसुद्धा नाही! प्लम पॉक्स नाही. झाडं उपटू का?

विषाणुवेडी
प्लम पॉक्स असता तर आत्ता फोन करून उपटायला सांगितलं असतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तो १९९९ मध्ये सापडला तेव्हा दीड हजार एकरांहून जास्त बागा काढून टाकल्या, आणि देश मोकळा झाल्याची घोषणा व्हायला २०१९ उजाडलं. तिथे दयामाया चालत नाही.

नेक्रॉटिक रिंगस्पॉट वेगळा. जगभर पसरलेला आहे, हौशी बागेतलं झाड काही वर्षं फळ देईल, थोडं कमी देईल. माझं मत विचाराल तर सतलज ठेवा आणि काला अमृतसरी काढा. हिरवा दिसतो म्हणूनच काढा, पराग त्याचा उडतो. सतलजचाही उडेल, तेव्हा आडूची पानं पुढच्या जानेवारीत तपासा. यांतल्या कुठल्याही झाडाचा डोळा कुणालाही देऊ नका, शेजाऱ्यांशी संबंध बिघडले तरी चालेल.

गच्चीवरची_बाग
माझ्या गुलाबाच्या एका रोपाच्या पानांवर हुबेहूब फोटो ३ सारख्या पिवळ्या नागमोडी रेघा आहेत. हे तेच?

विषाणुवेडी
बरंच शक्य आहे. गुलाबाच्या मोझॅकला कारण होणाऱ्या विषाणूंत नेक्रॉटिक रिंगस्पॉट पहिल्या नंबरावर आहे. तिथेही तो कलमातूनच येतो. फुलं येतात तोवर ठेवा, पण त्याच्या काड्या मैत्रिणींना वाटू नका.

रामबागचे_आजोबा
काढलेलं झाड माझ्या ढिगात चालेल का? की तेही निषिद्ध?

विषाणुवेडी
चालेल आजोबा. हा विषाणू जिवंत पेशीबाहेर टिकत नाही, ढीग तापला की संपलाच. फांद्या बारीक तोडून घाला. फक्त बुंधा मुळासकट निघू द्या. खुंटाचे धुमारे राहिले तर विषाणू त्यांत जगतो.

मानपूरचा_मळेकरी
आजोबा, ट्रॉली पाठवतो, रविवारी. पण ताई, काला अमृतसरी गेला तर सतलजला पराग कुठून? एकट्याला तो धरत नाही.

विषाणुवेडी
जानेवारीत नवं कलम लावा, झाड झोपलेलं असताना. रोपवाटिकेला दोनच प्रश्न विचारा : डोळे कोणत्या मातृवृक्षाचे, आणि तो मातृवृक्ष शेवटचा कधी तपासला. दुसऱ्या प्रश्नाला "हमारे यहाँ वायरस नहीं आता" असं उत्तर आलं तर पुढच्या रोपवाटिकेत जा. तोवर दोन-तीन वर्षं सतलजला फळ कमी धरेल, तेवढं सोसा.